बबन रजेवर जात नाही

अंबरनाथ
रविवार, १३ मार्च १९८८

आण्णा,

जयभीम. वांगणी काय लांब आहे? मधे एक बदलापूर. एवढ्याशा अंतराला कुणी पत्र टाकतं का, पोस्टमन हसेल, असं आई म्हणते. मी म्हटलं, हसू दे. मागच्या महिन्यात मी भेटायला आले तेव्हा तुम्ही फाटकाच्या आतून "मालक नाहीत, रविवारी या" म्हणालात. जशी काही मी ते फार्महाऊस विकत घ्यायला आले होते! राखणदाराला माणूस अडवता येतो, टपाल अडवता येत नाही. म्हणून हे पत्र.

जे कानावर येताच तुम्ही घर सोडून वांगणीला गेलात, ते खरं आहे. कल्याणचं सीएंचं ऑफिस मी सोडलं. तीन वर्षांच्या आर्टिकलशिपमधले चौदा महिने झाले होते. एक तारखेपासून इथे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागले आहे. पत्र्याची झाकणं बनतात, रंगाच्या आणि तेलाच्या डब्यांची. शेठ उल्हासनगरचे, कॅम्प दोनला त्यांचं जुनं दुकान आहे, इकडे आठवड्यातून एकदा येतात. बाकी सगळा कारभार मॅनेजर शशिकांतसाहेबांकडे. हिशेबाच्या खोलीत दोन टेबलं आहेत. एकावर शेठचे जुने मुनीम ईसरदासकाका बसतात, दुसऱ्यावर मी. काका सिंधी आहेत, साठी ओलांडलेले, मला "पुट" म्हणतात. पुट म्हणजे लेकरू. पहिले दोन दिवस मला वाटलं मी काहीतरी चुकतेय म्हणून रागावतायत.

सोडलं का, तर स्टायपेंड रेल्वेच्या पासात आणि पुस्तकांत संपायचा. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

तुमचं वाक्य मी विसरलेले नाही. "तपासणारी हो पोरी, लिहिणारी होऊ नको." दहावीपासून ऐकतेय. ते का म्हणता तेही मला ठाऊक आहे. ठाण्याच्या कोर्टात तुमच्या कंपनीचा कारकून उभा राहिला, "मस्टर बरोबर आहे साहेब" एवढंच म्हणाला, आणि तुमची नऊ वर्षं गेली. पण आण्णा, सगळेच कारकून तसे नसतात. मी खरेदीची, विक्रीची आणि बँकेची वही लिहिते. मस्टरला मी हातसुद्धा लावत नाही. कामगारांची हजेरी काका लिहितात.

खरं सांगू का, मला भीती वाटते. सीएंच्या ऑफिसात मी हिरव्या पेन्सिलीने टिक करायचे. माझ्यावर सिनियर, सिनियरवर सर. माझी चूक वर जाता जाता कुणीतरी पकडायचं. इथे माझ्यावर फक्त पंखा आहे. आजवर दुसऱ्यांनी भरलेल्या वह्या बघितल्या होत्या. पहिल्या दिवशी काकांनी कोरी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, "लिख." मी पाच मिनिटं नुसतं पान बघत बसले. मग तारीख घातली. तारीख तरी नक्की बरोबर होती.

आईची तब्येत बरी आहे. तुम्ही जेवता ना नीट?

तुमची
विशाखा


रविवार, १२ जून १९८८

आण्णा, जयभीम.

मधली दोन कार्डं पोचली असतील. उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिणार होते, पण रोज संध्याकाळी आईला विचारते, "काही आलं का?" त्यामुळे तसं लिहिण्यात अर्थ नाही.

आज तुम्हाला बबनची गोष्ट सांगते. हसाल. की रागवाल, कुणास ठाऊक.

पगारपत्रकाची बेरीज करताना मला एक नाव दिसलं. बबन. आडनाव नाही, गाव नाही. प्रेस खात्यात, पत्रा कापणाऱ्या यंत्रांवर. रविवार सोडून रोज हजर. जानेवारीत हजर, होळीला हजर, अख्खा मे महिना हजर. कारखान्यातले निम्मे लोक मे महिन्यात लग्नांना जातात, हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. मी काकांना विचारलं, "हा बबन कोण? मला भेटलाच नाही कधी."

काकांनी चष्मा काढून पुसला. "बबन? बहुत अच्छा आदमी है, पुट. कभी छुट्टी नहीं लेता. उसको बुखार नहीं आता, उसकी माँ नहीं मरती."

मग त्यांनी सांगितलं. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कामगार कायम करा म्हणून हक्क सांगू शकतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं? तुमचे नऊ वर्षांत एकदाही भरू दिले नाहीत. इथेही तसंच. सात महिने होत आले की माणसाला 'ब्रेक' देतात, पंधरा-सतरा दिवस मस्टरवर त्याच्या नावापुढे आडव्या रेघा. पण ऑर्डर थांबत नाही आणि त्याचं पोटही थांबत नाही. म्हणून तो कामाला येतच राहतो, फक्त त्या दिवसांपुरता तो बबन होतो. हजेरी बबनची, पगार बबनचा. ब्रेक संपला की हा पुन्हा आपल्या नावावर आणि बबनच्या जागी दुसरा. सकाळी फाटकाशी पोरं एकमेकांना विचारतात, "आज बबन कोण रे?" ज्याचा नंबर असतो तो हात वर करतो आणि सगळे हसतात.

मीही हसले. नंतर टेबलाशी बसले आणि ती ओळ पुन्हा वाचली. तुम्हीही कधी बबन होतात का, आण्णा? तुमच्या कंपनीत त्याचं नाव काय होतं?

मी हे फक्त ऐकलंय. बघितलेलं नाही. उगाच काळजी करू नका.

विशाखा


रविवार, ४ सप्टेंबर १९८८

आण्णा,

जयभीम. मागची दोन्ही पत्रं काढून बघा, नसतील फाडली तर. त्यात मी खोटं लिहिलं आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून मस्टर मी लिहिते. काकांना मोतीबिंदू झालाय, त्यांना बारीक चौकटी दिसत नाहीत. शशिकांतसाहेब म्हणाले, "विशाखा, तुझं अक्षर सुंदर आहे." बस, एवढंच. कुणी धाक घातला नाही, आमिष दाखवलं नाही. अक्षराचं कौतुक केलं आणि मी पेन उचललं. वहीतली बबनची ओळ, ब्रेकच्या आडव्या रेघा, सगळं माझ्या हातचं आहे. "ऐकलंय" म्हणून लिहिलं तेव्हा ते मी तीन महिने लिहीत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, नाहीतर मस्टरला हात लावत नाही हे तुम्हाला सांगायची गरज काय होती?

एकच गोष्ट मी माझ्या पद्धतीने करते. सीएंच्या ऑफिसात शिकवलं होतं की पैसे दिले तर घेणाऱ्याची खूण पाहिजे. त्यामुळे कुणी बबन म्हणून उचल घ्यायला आला की मी व्हाउचर करते, त्यावर त्याचा डावा अंगठा घेते, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहून ठेवते की हा बबन म्हणजे खरा कोण. नाहीतर पगारातून कापायचं कुणाच्या? काका म्हणाले, "इतना क्या लिखती है? बबन का अंगूठा मैं ही लगा देता था." मी ऐकलं नाही. सवय.

पालेगावचा एक किसन आहे, तुमच्यासारखाच प्रेसवर. पंचविशीचा असेल, सायकलवरून येतो. त्याला माझं टेबल म्हणजे काय वाटतं कोण जाणे, रोज जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी येऊन विचारतो, "बाय, माजा ब्रेक कदी हाय गो?" मी म्हणते, दिवाळीनंतर. परवा त्याने विचारलं, "बाय, तू नाय लिवलास तर?"

"काय नाही लिहिला तर?"

"ब्रेक. तू इसरलीस असं झालं तर? मी कायम होईन ना?"

मी म्हटलं, असं विसरता येत नाही किसन, वर साहेब बघतात. तो म्हणाला, "हां, ता पन खरा." आणि हसत गेला. त्याच्या बायकोला, विठाला, सहावा महिना लागलाय. तेव्हापासून त्याच्या ओळीशी आले की माझं पेन अडतं. विसरता येईल का, हे मी खरंच मोजून बघितलं. धीर झाला नाही. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

आईची साखर वाढली होती, आता ठीक आहे. ती म्हणते तुमचं स्वेटर इथेच राहिलंय.

विशाखा


रविवार, २० नोव्हेंबर १९८८

आण्णा,

अक्षर लागलं नाही तर आईची शपथ, मी आजारी नाही.

काल दुपारी अडीचला प्रेस खात्यातला आवाज बंद झाला. तुम्हाला माहीत आहे, प्रेस खातं एकदम गप्प होतं तेव्हा काय झालेलं असतं. मी खिडकीतून बघितलं. तीन नंबरच्या प्रेसशी लोक जमले होते आणि किसन खाली बसला होता, आपलाच उजवा हात मांडीवर धरून, दुसऱ्याचं मूल धरावं तसा. चार बोटं गेली आण्णा. अंगठा राहिला.

त्याला रिक्षात घालत होते. मी पदर फाडून द्यायला पुढे गेले तर तो माझ्याकडे बघून एकच बोलत होता, "बाय, बबन लिव. बबन लिव गो." दहा तारखेपासून तो ब्रेकवर आहे ना. त्याला वाटलं, आपलं खरं नाव बाहेर आलं तर साहेब पुढच्या महिन्यात परत घेणार नाहीत. बोटं खाली पडलीत आणि हा नोकरी सांभाळतोय. दवाखान्यातही त्याने नाव बबनच सांगितलं. केसपेपरवर बबन आहे. मी स्वतः वाचलं.

संध्याकाळी शशिकांतसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. आवाज इतका मऊ होता की मला आधी कळेना ते कशाबद्दल बोलतायत.

"हे बघ विशाखा, अपघात बबनला झाला. दवाखान्याचा कागद आहे. बबन गावी निघून गेला, गाव आपल्याला माहीत नाही. किसन म्हणशील तर तो दहा तारखेपासून कामावरच नव्हता. मस्टर काय म्हणतं?"

मी म्हटलं, "नव्हता."

"आणि मस्टर कुणाच्या अक्षरात आहे?"

मी शाईची बोटं टेबलाखाली घेतली. ते म्हणाले, "घाबरू नकोस, फक्त विचारतोय. कुणी चौकशीला आलंच तर वही दाखवायची आणि बरोबर आहे म्हणायचं. एवढंच काम."

एवढंच काम. "मस्टर बरोबर आहे साहेब." तोंड उघडलं असतं तर तुमच्या त्या कारकुनाचा आवाज माझ्या घशातून आला असता.

काल रात्री जेवण गेलं नाही. आई विचारते, काय झालं. तिला काय सांगू?

विशाखा


गुरुवार, २४ नोव्हेंबर १९८८
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

आण्णा,

हे पाकीट पोस्टमन तुमची सही घेऊनच देईल. घ्या. परत पाठवू नका, मी पाया पडते.

सोबत एक व्हाउचर आहे. १६ नोव्हेंबरचं. दर्शनी बाजूला बबन, चाळीस रुपये उचल, डावा अंगठा. मागे माझ्या अक्षरात 'किसन, पालेगाव'. आता अख्ख्या जगात हा एकच कागद आहे जो सांगतो की बबन म्हणजे किसन.

बाकीची गेली. सोमवारी सकाळी काका माझ्या टेबलाशी आले. दार लावून घेतलं. म्हणाले, "पुट, बबन के वाउचर मेरे को दे दे. तेरे भले के लिए बोलता हूँ. जिसका अक्षर, उसका गला." मी दिली. सगळी फाइल दिली, मागच्या अंगणात त्यांनी टिनात घालून जाळली, आणि मी खिडकीतून बघत राहिले. हे एक त्या दिवशी पगाराच्या वहीत राहिलं होतं. धैर्याने ठेवलं असं समजू नका. राहिलं होतं. सापडलं तेव्हा पहिला विचार हाच आला की हेही देऊन टाकावं.

विठा काल फाटकाशी आली होती. आठवा महिना संपत आलाय, पोट घेऊन उन्हात उभी. आतून कुणी बोलेना. मी पाणी द्यायला गेले. ती म्हणाली, "बाय, साहेब सांगतान किसन नावाचा मानूस हितं नव्हताच. मंग माज्या घरातला मानूस कुठं जात व्हता रोज?" ती ठाण्याच्या कामगार कार्यालयात तक्रार देऊन आली आहे. म्हणून सरकारी इन्स्पेक्टर येत्या मंगळवारी, २९ ला, अकरा वाजता येणार. किसन म्हणतो, बबन मी. पण कागदावर तो कामावर नव्हता, आणि कागदावर बबनचा हात गेला. बबनला भरपाई मागायला कुणी येणार नाही, आणि किसनला मागायचा हक्क नाही. असं मी लिहून ठेवलंय. नीट, सुंदर अक्षरात.

मला वाटलं होतं ज्याला भीती वाटते तो पळतो. तसं होत नाही. मी रोज दहाला जाते, टेबलाशी बसते, साहेबांनी काही विचारलं तर "हो सर" म्हणते. जीभ आपोआप म्हणते. ते म्हणालेत जानेवारीपासून पगार वाढवतो, असिस्टंट अकाउंटंट करतो. आणि आज जाता जाता असंही म्हणाले की खोटं मस्टर लिहिणाऱ्याला तुरुंग असतो, शेठला नाही, लिहिणाऱ्याला. दोन्ही एकाच दमात. त्यातलं कुठलं जास्त घाबरवतं तेही मला कळत नाही. मी मंगळवारी काय बोलेन याची मला खात्री नाही, आण्णा. माझ्यावर माझाच भरवसा नाही. हा कागद घरात राहिला तर सोमवारपर्यंत मी तो चुलीत घालीन. म्हणून तुमच्याकडे.

आता ते सीएंच्या ऑफिसाचं. स्टायपेंड पुरत नव्हता हे खरं, पण सगळं खरं नाही. तुम्ही सायकल विकलीत आणि मला म्हणालात, पंक्चर झालीय, दुकानात दिलीय. चार महिने पंक्चर असतं का कुणाचं? माझ्या परीक्षेचा फॉर्म तुम्ही ज्या दिवशी भरलात त्याच दिवशी ती गेली. त्यानंतर तुम्ही पालेगावच्या साइटवर विटा उचलायला चालत जायचात आणि मी कल्याणला पंख्याखाली दुसऱ्यांच्या वह्यांना टिक करायचे. मला नाही जमलं. तुम्हाला वाटलं मी तुमचा शब्द मोडला. मला वाटलं मी तुमची सायकल परत आणेन. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही, आणि तुम्ही वांगणीला निघून गेलात.

आता मागणं. तुम्ही त्या कारकुनाबद्दल नेहमी म्हणायचात, "त्यानं एकदा वर मान करून माझ्याकडं बघितलं असतं ना, तर त्याला बोलता आलं नसतं." मंगळवारी अकरा वाजता विठाबरोबर या. हा कागद घेऊन. काही बोलू नका माझ्याशी, राग तसाच ठेवा. फक्त मला दिसेल असे बसा. मी मान खाली घातली तरी तुम्ही बघत राहा.

नाही आलात तर मी "बरोबर आहे" म्हणेन. मला माहीत आहे मी म्हणेन.

विशाखा


गुरुवार, १ डिसेंबर १९८८

आण्णा,

जयभीम. पोचपावती सोमवारी संध्याकाळी आली. गुलाबी कार्डावर तुमची सही. 'रामभाऊ' लिहिताना तुम्ही नेहमी 'भा'चा काना विसरता आणि मग वरून घालता, तसाच घातलाय. नऊ महिन्यांत तुमच्याकडून आलेलं ते पहिलं अक्षर. मी ते कार्ड ब्लाउजमध्ये ठेवून मंगळवारी गेले. तरी सकाळभर फाटकाकडे बघत होते, कारण सही म्हणजे फक्त पाकीट मिळालं. माणूस येणार असं त्यावर कुठे लिहिलेलं असतं?

तुम्ही लवकर निघून गेलात, म्हणून पुढचं सांगते. पण आधी मागचं, कारण तुम्ही आत येण्याआधी काय झालं आणि तुमचं येणं मला कसं दिसलं, ते तुम्हाला ठाऊक नाही.

अकरा वाजले, इन्स्पेक्टर आले, वही उघडली, साहेबांनी खुर्ची दिली आणि तुमचा पत्ता नाही. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "हे मस्टर कोण लिहितं?" मी म्हटलं, "मी." "बरोबर आहे का?" आण्णा, माझे ओठ 'ब' म्हणायला जुळले होते. खरंच जुळले होते. तेवढ्यात दारात गडबड झाली, शिपाई कुणालातरी अडवत होता, आणि विठा आणि हाताला पट्टी बांधलेला किसन, दोघांच्या मागून तुम्ही आत आलात. तो जुना खाकी शर्ट घालून. तो कंपनीचा शर्ट तुम्ही अजून ठेवलाय हे मला माहीतच नव्हतं.

साहेब उठून म्हणाले, "हे कोण? यांचा इथे काय संबंध?"

तुम्ही म्हणालात, "वांगणीवरनं आलोय. पोरीचा बाप."

इन्स्पेक्टरांना वाटलं तुम्ही विठाचे. त्यांनी विचारलं, "हिचे का?"

आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "नाही. हिचा. ही लिहिणारी."

आयुष्यभर ज्या शब्दाला तुम्ही शिवी दिलीत, तो तुम्ही नाव सांगावं तसा सांगितलात. मग भिंतीशी स्टुलावर बसलात आणि बघायला लागलात. तुमचं बघणं मला पूर्वीपासून सोसत नाही.

"बरोबर नाही," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की इन्स्पेक्टरांनी "काय?" केलं आणि मला परत म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणायला जास्त भीती वाटली. मग मी सांगत गेले, तुम्ही कागद पुढे केलात, इन्स्पेक्टरांनी तो उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. किसनचा डावा अंगठा तिथेच घेतला. मी पेन मागितलं. सीएंच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, चूक रबराने खोडायची नाही, तिच्यावरून एकच रेघ मारायची, वर खरं लिहायचं, बाजूला सही करायची. म्हणजे चूकही दिसली पाहिजे आणि कुणी दुरुस्त केली तेही. किसनच्या ओळीत दहा ते एकोणीस, मधला रविवार सोडून नऊ दिवस. नऊ आडव्या रेघांवर नऊदा 'हजर' लिहिलं, नऊ सह्या केल्या. मग बबनच्या ओळीत त्याच नऊ दिवसांना 'गैरहजर'. अक्षर वाईट आलं. साहेबांना आवडलं नसतं.

तिथे तुम्ही उठून गेलात. मला वाटलं रागाने. विठा म्हणाली, "म्हातारा बाहेर नळाशी तोंड धूत व्हता कितीक येळ."

पुढचं असं. मस्टर इन्स्पेक्टर घेऊन गेले. किसनचा अर्ज किसनच्या नावावर घेतलाय. मिळेल तेव्हा मिळेल, पण आता तो मागू तरी शकतो. माझा जबाब झालाय, परत बोलावतील, काय होईल कुणी सांगत नाही. साहेबांनी मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि हेही की अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुठल्या कारखान्यात मला टेबल मिळतं ते बघतो. ते बघतील. काकांनी माझा डबा पिशवीत घालून दिला. पिशवी देताना हात सोडला नाही. म्हणाले, "पुट, मेरे को भी जबाब के लिए बुलाएँगे?" मी म्हटलं, हो काका. ते खाली बसले. चष्मा पुसत होते. त्यांची मला दया आली आणि भीतीही वाटली, कारण साठीला पोचलेली मी तशीच दिसले असते.

भीती गेलेली नाही, आण्णा. दारावर कुणी थाप मारली तरी आई आणि मी एकमेकींकडे बघतो. रोज वाटतं पोलीस आले. नोकरी नाही, तिकडची आर्टिकलशिप तुटली आहे, जानेवारीत आईच्या औषधाचं काय करणार ते मला माहीत नाही. एक झालं. आज दुपारी कॅम्प दोनमधला एक दुकानदार घर शोधत आला. म्हणाला, "वो नौ सही वाली लड़की इधर रहती है? मेरा बही देखेगी क्या, घर बैठ के?" बातमी कशी फिरते! मी उद्या सांगते म्हटलं. कोरी वही बघायची भीती वाटते, पण बघेन.

तुमचं स्वेटर आईने धुऊन ठेवलंय. सहा तारखेला तुम्ही दरवर्षीसारखे पहाटेच्या गाडीने दादरला जाल, चैत्यभूमीवर. मंगळवारच आहे. मीही जाणार आहे. तुमची गाडी अंबरनाथला थांबते. मी पुलाखाली स्वेटर घेऊन उभी असेन.

विशाखा